‘कर्करोगाचा धोका दुप्पट’ असा मेसेज आला की काय करायचं

आमच्या घरात दोन टोकं आहेत. वहिनी रोज एक भीती पाठवते: आज कॉफी, उद्या मोबाइल, परवा पाण्याची बाटली. दादाच्या मते पर्यावरणाचा प्रत्येक नियम म्हणजे थोतांड, कुणाची तरी खुर्ची टिकावी म्हणून काढलेला. दोघांचेही मेसेज शेवटी माझ्याकडे येतात, कारण माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. त्यांना फोनवर जे सांगत आले, ते एकदाचं लिहून ठेवते.

आधी आकडा शोधा, आणि आकड्यापुढचं एकक. ‘घातक रसायनाचे अंश आढळले’ हे वाक्य पाण्याबद्दल कमी आणि यंत्राबद्दल जास्त सांगतं. मी कामाला लागले तेव्हा कित्येक पदार्थांच्या बाबतीत आमचं यंत्र पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या, फार खाली जात नसे. एक पीपीएम म्हणजे साडेअकरा दिवसांतला एक सेकंद. एक पीपीबी, शंभर कोटींत एक भाग, म्हणजे जवळजवळ ३२ वर्षांतला एक सेकंद. निवृत्त होईपर्यंत पीपीटीसुद्धा, लाख कोटींत एक भाग, दिसायला लागलं होतं, म्हणजे सुमारे ३२ हजार वर्षांतला एक सेकंद. पाणी तेच, डोळे तीक्ष्ण झाले.

म्हणून आकडा मिळाला की त्या पदार्थाची मर्यादा बघा. बऱ्याच पदार्थांची मर्यादा कशी ठरते? प्राण्यांमध्ये ज्या मात्रेला काहीच परिणाम दिसत नाही, ती मात्रा साधारण १००ने भागतात: माणूस आणि प्राणी यांच्यातल्या फरकासाठी १०, माणसामाणसांतल्या फरकासाठी आणखी १०. तेव्हा ‘मर्यादेपेक्षा दुप्पट’ म्हणजे लगेच विषबाधा नव्हे. कुठेतरी काहीतरी गळतंय, ते शोधा, असा त्याचा अर्थ. पण ‘थोडंसंच आहे ना’ म्हणून सगळ्यालाच मोकळीक देऊ नका. मुलांच्या शरीरात शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी पातळी अजून कुणाला सापडलेली नाही.

मग ‘कर्करोगकारक’ हा शब्द आला की थांबा. जागतिक आरोग्य संघटनेची आयएआरसी ही संस्था पदार्थांचे गट करते, पण ते गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. पहिल्या गटात तंबाखू आहे, तसं ऊनही आहे. २०२३च्या जुलैमध्ये ॲस्पार्टेम हा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ २बी गटात, म्हणजे ‘शक्यता आहे’ या खान्यात गेला. त्याच दिवशी जेईसीएफए या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर दिवसाला डाएट पेयाचे नऊ ते चौदा कॅन रिचवायला हवेत. वहिनीकडे बातमीचा पहिला अर्धाच भाग आला होता. नेहमी तोच येतो.

आता ‘दुप्पट’. हा शब्द दिसला की एकच विचारायचं: कशाच्या दुप्पट? ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. खोटं नव्हतं. पण मूळ धोका होता सात हजार बायकांत एक; तो झाला सात हजारांत दोन. बातमीत ‘दुप्पट’ राहिलं, सात हजार गळाले. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपात सुमारे १३ हजारांनी वाढले. आणि गुठळ्यांचा धोका त्या गोळ्यांपेक्षा गरोदरपणात जास्त असतो! तेव्हा मेसेज वाचून चालू औषध कधीही परस्पर बंद करायचं नाही. डॉक्टरांना विचारा, तेही ‘दुप्पट का’ असं नाही, ‘दहा हजारांत किती’ असं विचारा.

उंदरांवरच्या प्रयोगांचंही तेच, मात्रा आणि प्राणी दोन्ही बघा. सॅकरिनने उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या म्हणून १९७७मध्ये अमेरिकेत बंदीचा प्रस्ताव आला. पुढे कळलं की प्रचंड मात्रेत उंदरांच्या लघवीत जे खडे-कण बनतात ते त्यांच्या शरीराचं वैशिष्ट्य. माणसात तसं होत नाही. पाकिटावरचा इशारा २०००मध्ये काढला. पुढे जाऊ.

मोजलं कसं, हे विचारायला मी माझ्याच चुकीतून शिकले. एका विहिरीच्या नमुन्यात मला थॅलेट दिसलं, प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते. आलेखावर कसा सुबक, उंच सुळका! अहवाल लिहून सही घ्यायला गेले. साहेबांनी कागदाकडे न बघताच विचारलं, “ब्लँक चालवलास का?” ब्लँक म्हणजे शुद्ध पाणी, नमुन्याला जे जे सोपस्कार केले ते सगळे जसेच्या तसे केलेलं. घाईत मी तो वगळला होता. चालवला, तर तोच सुळका, जवळजवळ तेवढाच उंच. थॅलेट विहिरीत नव्हतं, माझ्या व्हिनाइलच्या हातमोज्यांत होतं. घाबरवणाऱ्या अहवालात ‘न दूषित झालेल्या नमुन्यात किती आढळलं’ हे दिलेलं नसेल, तर तो अहवाल अर्धा आहे असं समजा.

इथवर वाचून दादा खूश होईल. पण हीच चाळणी त्याच्या मेसेजलाही लावायची.

क्लेअर पॅटरसन हा अमेरिकन शास्त्रज्ञ उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय काढत होता. त्याचेही नमुने बिघडायचे. जिथे तिथे शिसं. हातात, धुळीत, भांड्यांत, हवेत. त्याने अतिस्वच्छ प्रयोगशाळा उभारली आणि १९५६मध्ये वय जाहीर केलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं. पण तो तिथे थांबला नाही. एवढं शिसं येतं कुठून, हा प्रश्न धरून बसला आणि पेट्रोलमध्ये मिसळलेल्या शिशापर्यंत पोचला. उद्योगाची बाजू मांडणारे तज्ज्ञ म्हणत होते, शरीरात शिसं असायचंच, ते नैसर्गिक आहे. माझ्या ब्लँकमधली घाण माझ्या हातमोज्यांची होती, त्याच्या ब्लँकमधली घाण साऱ्या जगाची. मोटारींसाठी शिशाचं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१मध्ये थांबलं. हे थांबवलं कुणी? नियमांनीच.

दादाचा आवडता टोमणा, “ओझोनचा बागुलबुवा गेला कुठे?” अरे बाबा, तो गेला नाही, घालवला. १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनचा थर खाणारे, फ्रिजमध्ये वापरले जाणारे सीएफसी वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले, म्हणून तो थर सावरतोय. संकट आलं नाही याचा अर्थ ते खोटं होतं, असा हिशेब मांडायचा असेल तर देवीची लसही थोतांडच म्हणावी लागेल.

तरी नियमाला एक प्रश्न जरूर विचारा, आणि इथे मी दादाच्या बाजूने आहे: जे काढलं त्याच्या जागी काय आलं? अमेरिकेत १९९०च्या कायद्याने हवा स्वच्छ व्हावी म्हणून ठरावीक भागांत पेट्रोलमध्ये ऑक्सिजन असलेला घटक घालायला लावला. कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी एमटीबीई निवडलं. जमिनीखालच्या टाक्यांतून ते झिरपलं, पाण्यात सहज विरघळलं आणि विहिरींचं पाणी टर्पेंटाइनसारखं लागायला लागलं. बाटल्यांतून बीपीए, प्लास्टिक बनवायला वापरतात तो पदार्थ, काढला तसा काही उत्पादनांत त्याचा सख्खा भाऊ बीपीएस शिरला. ‘बीपीए-मुक्त’ हे लेबल काय गेलं ते सांगतं. काय आलं ते पाकीट उलटं करून शोधावं लागतं, आणि बहुतेक वेळा तिथे काहीच लिहिलेलं नसतं.