कार्यालय भाड्याचं की स्वतःचं? टिप्पणी लिहिण्याआधी हे गणित मांडा

भाड्याच्या जागेतल्या सरकारी कार्यालयात नवे साहेब रुजू झाले की महिन्याभरात विचारतात, "इतकं भाडं भरतोय, तर स्वतःची इमारत का नाही?" मग टिप्पणी, म्हणजे फाइलवरचं प्रस्तावाचं टिपण, लेखाशाखेकडे येते. माझी सगळी नोकरी या शाखेत, तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी गेली. अशा टिप्पण्यांमध्ये बहुतेक वेळा एकच वाक्य असतं: 'वीस वर्षांच्या भाड्यात इमारत उभी राहिली असती.' हे वाक्य खोडा आणि कोरा कागद घ्या.

खरी अडचण अशी की हा खर्च तीन वेगळ्या खिशांतून जातो. भाडं आपल्या विभागाच्या 'भाडे, पट्टी व कर' या बाबीतून, बांधकाम ४०५९ या भांडवली लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातं), देखभाल बांधकाम खात्याच्या २०५९ या शीर्षाखाली. विभागाला फक्त भाडं दिसतं आणि तेच डोळ्यांत खुपतं. इमारत झाली की त्याच्या लेखी खर्च संपला, प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या अनुदानात गेलेला असतो. म्हणून तिन्ही एकाच तक्त्यात आणायचे.

आधी जागेची गरज ठरवा. आकृतिबंध, म्हणजे कागदावर मंजूर असलेल्या पदांची यादी, धरून नाही, तर भरलेली पदं, अभिलेख कक्ष आणि येणारे लोक धरून. मग जुनी भाडे नोंदवही काढा आणि दहा वर्षांत भाडं खरोखर किती वाढलं ते पाहा. इथं थकबाकीने फसायला होतं. सुधारित भाड्याचं प्रमाणपत्र बांधकाम खात्याकडून यायला वेळ लागतो, मग फरकाची रक्कम एका वर्षात एकदम निघते आणि ते वर्ष भयंकर महाग दिसतं. फरक ज्या त्या वर्षात टाका.

आता एक नमुना. आकडे माझे, तुमचे तुम्ही घाला. समजा ३,००० चौरस फूट चटई क्षेत्र हवं आहे आणि भाडं महिन्याला फुटाला २५ रुपये. म्हणजे वर्षाला ९ लाख. दरवर्षी सरासरी ५ टक्के वाढ धरली तर वीस वर्षांत सुमारे २ कोटी ९८ लाख जातात. बांधायचं तर जिने, व्हरांडे, स्वच्छतागृहं धरून ४,००० फूट लागतील. फुटाला ३,००० प्रमाणे १ कोटी २० लाख, त्यावर विद्युतीकरण, पाणी, कुंपण, फर्निचर यांचे ३० लाख. एकूण दीड कोटी. देखभाल पहिल्या वर्षी ३ लाख, तीही ५ टक्क्यांनी वाढणारी, म्हणजे वीस वर्षांत ९९ लाख. चौदाव्या वर्षाच्या आसपास गच्चीची गळती आणि वायरिंग यांचे २० लाख. बेरीज २ कोटी ६९ लाख. साहेब खूश.

पण दीड कोटी आज द्यायचे आहेत आणि भाडं हप्त्याहप्त्याने. राज्य सरकार बाजारातून साधारण ७ टक्क्यांच्या आसपास कर्ज उचलतं, म्हणून सगळ्या रकमा ७ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणा. एक्सेलमध्ये त्यासाठी एनपीव्हीचं (निव्वळ वर्तमान मूल्याचं) सूत्र आहे, दहा मिनिटांचं काम. भाड्याची बाजू येते १ कोटी ४१ लाख, बांधकामाची २ कोटी ५ लाख. चित्र उलटलं! अजून थांबा. वीस वर्षांनी इमारत मोडीत निघत नाही. तेव्हाच्या बांधकाम खर्चाच्या (दीड कोटी, वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत गेलेले) दोन तृतीयांश किंमत उरली असं धरलं, तर आजच्या हिशेबाने ६९ लाख वजा होतात. राहतात १ कोटी ३६ लाख. जवळजवळ बरोबरी.

म्हणजे निकाल भाड्याच्या दरावर आहे. याच तक्त्यात ४० रुपये दर घातला तर भाड्याची बाजू २ कोटी २६ लाखांवर जाते, बांधणं उघड स्वस्त. १५ रुपये घातला तर ८५ लाख, मग इमारतीचा विषयच काढू नये. २४ रुपयांच्या आसपास दोन्ही बाजू सारख्या होतात. टिप्पणीत हा बरोबरीचा दर जरूर लिहा, वरिष्ठांना तोच उपयोगी पडतो.

जमीन सरकारी आहे म्हणून शून्य लिहू नका. वार्षिक मूल्यदर तक्त्यातली (रेडी रेकनरची) किंमत वेगळ्या ओळीत दाखवा, कारण तिथं दुसरंही काही होऊ शकलं असतं. मुंबईतल्या एअर इंडिया इमारतीचं पाहा. २०२४ मध्ये ती १,६०१ कोटींना राज्य सरकारला द्यायला केंद्राने मंजुरी दिली, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण अनर्जित उत्पन्न (जमिनीच्या वाढलेल्या किमतीतला सरकारचा हिस्सा) आणि व्याजापोटीचं २९८.४२ कोटींचं येणं राज्याने सोडलं. माझ्या तक्त्यात ती किंमत १,९०० कोटींच्या घरात जाईल. सोडलेलं येणंही खर्चच.

सगळ्यांत दुर्लक्षित ओळ म्हणजे रेंगाळणं. सांगाडा, रंग, फरशी तयार. पण वीजजोडणी नाही, फर्निचरचा निधी नाही, किंवा उद्घाटनाची तारीख मिळत नाही. वरच्या नमुन्यात अडकलेल्या दीड कोटींवर महिन्याला सुमारे ८७ हजार व्याज चढतं, शिवाय जुन्या जागेचं ७५ हजार भाडं चालूच. महिन्याला १ लाख ६२ हजार! निधी टप्प्याटप्प्याने येणार असेल तर एक वर्ष उशीर गृहीत धरून तक्ता पुन्हा काढा.

भाड्याच्या बाजूलाही लपलेले खर्च असतात. पार्टिशन, नेटवर्कच्या तारा, इन्व्हर्टरची जोडणी हे आपल्या कार्यालयीन खर्चातून होतं आणि जागा सोडताना बरंचसं तिथंच राहतं. करारात पाणी, मालमत्ता कर आणि दुरुस्ती कोणाकडे ते वाचा. लोकांचा खर्च तर कुठल्याच शीर्षाखाली येत नाही. एका तालुक्याला आमचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती. म्हातारी माणसं खाली पायरीवर बसायची आणि शिपाई अर्ज घेऊन वर-खाली करायचा. हे रुपयांत मांडता येत नसेल तर शब्दांत मांडा, पण मांडा.

आणि हे सगळं करण्याआधी एक पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवा: मध्यवर्ती प्रशासकीय इमारतीत किंवा दुसऱ्या एखाद्या सरकारी इमारतीत जागा रिकामी आहे का? उत्तर येईपर्यंत मालकाशी लांबचा करार करू नका. जागा मिळाली तर नुसता हलवण्याचा आणि डागडुजीचा खर्च तक्त्याच्या तिसऱ्या रकान्यात लिहा आणि टिप्पणी साहेबांपुढे ठेवा.