नवा कर्नल बूट झाला, पण पेन ड्राइव्ह दिसेना

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, मी सोर्स कोडवरून स्वतः बनवला होता. ही ६.१२ आवृत्ती पहिल्यांदा बूट झाली तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. कर्नलची आवृत्ती सांगणारी ‘यूनेम -आर’ कमांड टाइप केल्यावर नवा आकडा दिसला आणि झोपच उडाली. वाय-फाय लागलं, आवाज आला, टचपॅड चालला. मग पेन ड्राइव्ह लावला, तर काहीच नाही. यूएसबीला जोडलेल्या उपकरणांच्या (‘एलएसयूएसबी’) यादीत तो होता, डिस्कच्या (‘एलएसबीएलके’) यादीत मात्र त्याचा पत्ता नव्हता.

कारण सापडायला दुसरा अख्खा दिवस गेला. वेळ वाचावा म्हणून मी ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं होतं. त्या क्षणी कर्नलची जी मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हरसारखे सुटे भाग, लोड झालेली असतात तेवढीच ही कमांड ठेवते, बाकीची गाळून टाकते. कमांड चालवताना पेन ड्राइव्ह लावलेला नव्हता, त्यामुळे यूएसबी स्टोरेजचं मॉड्यूल गाळलं गेलं. सोर्सवरून कर्नल घालताना खरा अभ्यास करायचा तो कर्नलमध्ये काय ठेवायचं ते ठरवणाऱ्या कॉन्फिग फाइलचा, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे. कंपाइल होणं, म्हणजे सोर्समधून चालणारा कर्नल तयार होणं, हा वाट बघण्याचा भाग आहे.

माझा लॅपटॉप जुना, चार कोअरचा, ८ जीबी रॅमचा. त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची डिस्ट्रो (तयार संच), म्हणजे ६.१ मालिकेतला कर्नल. ६.१२ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि त्याला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणार होत्या, म्हणून तो निवडला. नवख्यांनीही असा एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळला जाणारा, कर्नलच घ्यावा. नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, प्रत्येकीच्या मागे धावण्यात अर्थ नाही.

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून उतरवा आणि त्याची डिजिटल सही जरूर तपासा. सही आतल्या टार फाइलवर (सोर्सच्या फाइल्सच्या गठ्ठ्यावर) केलेली असते, तो गठ्ठा दाबून लहान केलेल्या एक्सझेडवर नव्हे. म्हणून आधी एक्सझेड उलगडायची, मग सही तपासणारं जीपीजी चालवायचं. हे ठाऊक नसल्यामुळे मी दोनदा फाइल खराब समजून पुन्हा उतरवली.

नंतर बूट फोल्डरमधली चालू कर्नलची कॉन्फिग सोर्समध्ये कॉपी करून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या. जुन्या निवडी तशाच राहतात, नव्या पर्यायांना डिफॉल्ट उत्तरं मिळतात. आता दोन जागा हाताने बघा. डिस्ट्रोच्या कॉन्फिगमध्ये ‘सिस्टीम ट्रस्टेड कीज’समोर एखाद्या सर्टिफिकेट फाइलचा पाथ असू शकतो. ती फाइल आपल्याकडे नसते आणि कंपाइल ‘नो रूल टू मेक टार्गेट’ म्हणून थांबतं. तो पाथ रिकामा करा. दुसरी जागा ‘मेनूकॉन्फिग’मध्ये, ‘कर्नल हॅकिंग’खाली: डीबग माहिती बंद करा, नाहीतर डिस्क बघता बघता भरते. माझी पहिली खेप त्यानेच अर्ध्यावर पडली.

कंपाइलसाठी ‘मेक -जे४ बिनडेब-पीकेजी’ वापरलं. याने डेबियनची इन्स्टॉल करता येणारी डेब पॅकेजेस तयार होतात, म्हणून नको झालेला कर्नल नेहमीच्या पॅकेजसारखा काढता येतो. हेडर्सचं पॅकेजही इन्स्टॉल करा, डीकेएमएसवर चालणाऱ्या, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल होणाऱ्या, ड्रायव्हरना ते लागतं. छाटलेल्या कॉन्फिगने मला पाऊण तास लागला, पूर्ण कॉन्फिगने जवळपास तीन तास. तरी पहिल्यांदा पूर्णच करा.

सिक्युअर बूट, म्हणजे सही तपासूनच कर्नल सुरू होऊ देणारी लॅपटॉपची सोय, चालू असेल तर सही नसलेला आपला कर्नल सुरूच होणार नाही. स्वतःची किल्ली नोंदवून सही करता येते, पण सुरुवातीला सिक्युअर बूट बंद ठेवणं सोपं.

आणि जुना कर्नल काढू नका. त्या रात्री पेन ड्राइव्हमधली फाइल मला लगेच हवी होती. रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला दिसणाऱ्या बूट मेनूच्या, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून ६.१ निवडला आणि दोन मिनिटांत फाइल मिळाली.

पुढच्या खेपेला पेन ड्राइव्ह, फोनची केबल, हेडफोन असं रोज वापरातलं सगळं लावलं, पेन ड्राइव्ह माउंट केला, फोनवरून नेट घेतलं आणि मगच छाटणी केली. आता इन्स्टॉल करण्याआधी सोर्सच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमधल्या ‘डिफकॉन्फिग’ने जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून बघतो. ‘एम’वरून (मॉड्यूल) ‘एन’वर (नाही) गेलेल्या ओळी आधी वाचतो.