जुन्या अमेरिकेतल्या स्त्रीचं माहेर कसं शोधायचं

१७९० ते १८४० च्या अमेरिकी जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं. बायका-मुली नुसत्या आकड्यांत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव मिळतं, नातं मात्र १८८० पासून. म्हणून तिथून मागे सरका.

लग्नाची नोंद नसेल तर नवऱ्याच्या कागदांत अडकू नका. त्याच कौंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या), तिच्या बापाच्या वयाच्या शेजाऱ्यांची मृत्युपत्रं वाचा. ‘माझी मुलगी, अमक्याची बायको’ असा उल्लेख तिथेच सापडतो. वाटणीची कागदपत्रंही सोडू नका, कारण मृत्युपत्र न करता मेलेल्या बापाच्या मुली आणि जावई त्यांत दिसतात.

खरेदीखतं कंटाळवाणी, पण सोन्यासारखी. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एक-तृतीयांश भागाचा हयातभर हक्क असे, त्याला ‘डॉवर’ म्हणत. जमीन विकताना बायको तो सोडून देई, म्हणजे त्या तारखेला ती जिवंत होती. पुढच्या खतात नाव वेगळं दिसलं, तर बहुधा दुसरी बायको.

नवरा स्वातंत्र्ययुद्धात लढला असेल तर नॅशनल आर्काइव्ह्ज या अमेरिकेच्या सरकारी दफ्तरखान्यातली विधवा-पेन्शनची फाइल आधी पाहा. लग्नाचा पुरावा म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलची पानंच फाडून जोडली आहेत.

फसगत होते ती शब्दांत. तेव्हा ‘मदर-इन-लॉ’ म्हणजे सावत्र आईही असू शकते. तसंच इंग्रजी वसाहतींत १७५२ पूर्वी नवं वर्ष २५ मार्चला लागे. फेब्रुवारी १७१५ म्हणजे आपल्या हिशेबानं १७१६.