सलाईनने ताकद येत नाही: वॉर्डातल्या या चुका टाळा

पावसाळ्यात परळ, शीव, कुठल्याही वॉर्डात जा, नातेवाइकांची मागणी ठरलेली: "डॉक्टर, फार अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा ना." एकदा बाटलीवरचं लेबल वाचा. नॉर्मल सलाईन असेल तर दर 100 मिलीत 0.9 ग्रॅम मीठ, म्हणजे 500 मिलीत साडेचार ग्रॅम. बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल तर 25 ग्रॅम साखर, जेमतेम 100 कॅलरी. पेशंट तोंडाने घेतोय, उलटी नाही, तर ओआरएस आणि मऊ भात पुरे. उगाच सुई लावली तर शीर सुजते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. हृदय किंवा किडनी अधू असेल तर धापही लागते.

डेंग्यूत तर सगळं घर प्लेटलेटच्या आकड्यावर डोळा लावून बसतं. काउंट 40 हजारांवर आला की मुलगा मध्यरात्री रक्तपेढ्या पालथ्या घालायला निघतो. रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते. जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्याने, आणि हे घडतं ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत. नेमकं तेव्हाच "ताप गेला, डिस्चार्ज द्या" म्हणून घाई होते. कृपा करून तसं करू नका. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी, हातपाय गार पडणं, यातलं काहीही दिसलं की लगेच सिस्टरना हाक मारा. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, द्रव पाझरला की ते वाढतं) चढतोय का तेही विचारा. इथे सलाईन खरंच जीव वाचवतं, पण मोजून दिलेलं. आणि ताप झटकन उतरावा म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेन मागू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मात्रेतच.

काही सवयी डॉक्टरांच्याही आहेत. ऑपरेशन दुपारी, तरी पाणी रात्री बारापासून बंद! बहुतेक पेशंटना भूल देण्याआधी दोन तासांपर्यंत साधं पाणी चालतं. मधुमेह किंवा पोटाचा त्रास असेल तर वेगळं. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

लघवीच्या नळीचंही तसंच. गरज संपली तरी ती राहून जाते, आणि दर दिवसागणिक जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. राउंडला रोज विचारा, "आज काढता येईल का?" पण ती स्वतः ओढू नका. आत पाण्याने फुगवलेला फुगा असतो, त्याने मूत्रमार्गाला जखम होते.