कोवळ्या गवतावर तट्टू सोडताना
थंडी सरून कुरणात कोवळं गवत दिसलं की तट्टू कुंपणाशी येऊन उभं राहतं आणि आपल्यालाही वाटतं, चरू दे पोटभर. तिथेच फसगत होते. हिवाळाभर वाळल्या गवतावर राहिलेल्या तट्टाला पहिल्या दिवशी 15-20 मिनिटंच चरू द्यावं. पुढे 2-3 आठवड्यांत हळूहळू वेळ वाढवावा. सोडण्याआधी थोडं वाळलं गवत घालावं, नाहीतर ते अधाशासारखं तुटून पडतं.

वेळ पहाटेची बरी. दिवसाच्या उन्हात गवतात साखर साठते आणि रात्री वाढीसाठी खर्च होते. पण रात्री हिम पडलं असेल तर ती खर्चच होत नाही, सकाळीही तशीच राहते. त्या दिवशी तट्टू बाहेर काढूच नका, कितीही खिंकाळलं तरी.

मानेचा वरचा काठ चरबीने टणक झालेल्या तट्टाला तर या साखरेने होणाऱ्या खुरांच्या आजाराचा, म्हणजे लॅमिनायटिसचा, धोका फार. रोज पाणी दाखवताना खुरांवरून हात फिरवा. खूर नेहमीपेक्षा गरम लागले, किंवा तट्टू पुढच्या पायांवरचा भार मागे टाकून उभं राहिलं, तर चराई बंद करून लगेच पशुवैद्याला बोलवा.