सीएनसी घेताय? आधी गाळ्यातली माणसं तयार करा

साकीनाका घ्या, वसई घ्या, सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलं की मालक आधी विचारतो, नवीन पोरं कुठून आणू? माझं म्हणणं, आधी जुनी माणसं बघा. वीस वर्षं लेथवर काढलेल्याला टूल घासलंय हे नुसत्या आवाजावरून कळतं, ते कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही, त्याला भीती असते ती स्क्रीनची आणि ती जाते.

एक मोठा कागद घ्या. डावीकडे नावं, वर कामं: ड्रॉइंग वाचणं, मायक्रोमीटर, ऑफसेट (मापातला फरक मशीनमध्ये आकड्याने दुरुस्त करणं), मोबाईलवर शीट भरणं. एकटा करतो, मदत लागते, की येत नाही, एवढंच लिहा. पण त्या माणसाला समोर बसवून भरा. मी केबिनमध्ये बसून भरला होता, लोकांना वाटलं छाटणीची यादी आहे, एक चांगला फिटर सोडून गेला, अजून वाईट वाटतं.

शिकवायला ऑफसेटपासून घ्या, प्रोग्रामिंग नंतर. शाफ्ट २५ मिमीचा हवा आणि आला २५.०४, तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठीचा ऑफसेट) एक्सला, म्हणजे व्यासाच्या खात्यात, उणे ०.०४ द्यायचं, इतकं साधं आहे, पण घाईत ०.४ पडलं की पीस २४.६४ वर जातो, म्हणजे भंगार. फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर अजून एक गंमत, गंमत कसली, धोका आहे, प्लस इनपुट (आधीच्या आकड्यात मिळवणारं बटण) च्या जागी नुसतं इनपुट दाबलं की आधीचा आकडा पुसून नवीन बसतो. म्हणून पहिले काही दिवस आकडा टाकायच्या आधी तोंडाने मोठ्याने बोलायला लावा, आणि मोजायलाही दोघांना सांगा, कारण माप चुकलं तर ऑफसेटही चुकणारच.

मग डेटा. महागडं सॉफ्टवेअर आत्ता नको, मशीन का थांबलं आणि किती मिनिटं, एवढं फोनवरच्या शीटमध्ये ऑपरेटरनेच भरायचं. आठ तासांपैकी मशीन सहा तास चाललं म्हणजे ७५ टक्के, वेग ८० टक्के, चांगले पीस ९५ टक्के, तिन्हींचा गुणाकार ५७ टक्के येतो, यालाच ओईई, म्हणजे मशीनची एकूण कार्यक्षमता, म्हणतात. हा हिशोब ऑपरेटरला स्वतः करू द्या, मटेरियलची वाट बघण्यात किती वेळ जातो ते तोच तुम्हाला दाखवेल.

ट्रेनिंग शिफ्टमध्येच ठेवा, रोज अर्धा तास, पगारी. सुटल्यावर ठेवलंत तर माणसाचं अर्धं लक्ष विरार लोकलवर असतं.

नवीन हात लागतीलच, त्यासाठी आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून घ्या. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचे २५ टक्के, महिना जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. पोराला जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभं करा, पोरगं त्याला स्क्रीन दाखवेल, तो पोराला कापलेल्या धातूच्या चिप्सचा रंग बघायला शिकवेल. तीन महिन्यांनी तोच कागद काढा आणि परत दोघांसमोर भरा.