तापानंतर पुन्हा धावायला लागताना

आमच्या गटात कुणी आजारी पडलं की दोन-तीन दिवसांनी मला हमखास मेसेज येतो, "ताई, ताप उतरला. उद्या येऊ का?" मी आधी विचारते, गोळी न घेता उतरला, की गोळीमुळे? पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तास राहतो आणि तेवढा वेळ थर्मामीटर गोड बातमी देतो. गोळीशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही, तरच ताप गेला असं मी धरते. तेव्हाही लगेच धावायचं नसतं. तिथून पुढचे दिवस मोजायला सुरुवात करायची.

नुसती सर्दी असेल, नाक वाहत असेल, घसा जरासा खवखवत असेल, तर हळू धावायला हरकत नाही. दहा मिनिटांत अंग जड वाटलं तर घरी परतायचं. पण त्रास मानेच्या खाली उतरला, म्हणजे अंगदुखी, छातीत कफ, जुलाब, धडधड यातलं काहीही असलं किंवा ताप असला, तर धावणं पूर्ण बंद.

याबाबत मी इतकी हट्टी का, तेही सांगते. काही विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूलाच सूज येते. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. ती क्वचितच येते, पण आलेली असताना जोराचा व्यायाम केला तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. तरुण खेळाडूंच्या अचानक मृत्यूंमागे जी कारणं सापडतात, त्यांतलं हे एक आहे. आणि सुरुवातीला तिची खूण कधी कधी एवढीच असते, की नेहमीपेक्षा जास्त थकवा वाटतो. निदान झालं तर साधारण तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगतात. त्यापुढे आठवडाभर घरी बसणं काहीच नाही.

परत कधी सुरू करायचं हे ठरवायला माझा भरवसा सकाळच्या नाडीवर. जाग आली की उठायच्या आधी, फोन हातात घ्यायच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची आणि पूर्ण ६० सेकंद ठोके मोजायचे. ही सवय ठणठणीत असतानाच लावून घ्या, नाहीतर आजारपणात तुलना कशाशी करणार? माझा नेहमीचा आकडा ५८ आहे. तो ६८च्या आसपास दिसला तर मला कितीही बरं वाटत असलं तरी मी धावत नाही. अंगाचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते, त्यामुळे एवढा फरक मला दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. मनगटावरचं घड्याळ चालेल, पण पट्टा सैल असला की ते काहीही आकडे दाखवतं.

नाडी सलग दोन दिवस जागेवर आली की पहिल्या दिवशी फक्त चालायचं, वीस-तीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाडी बघायची. ठीक असेल तर दोन मिनिटं हळू धावणं, एक मिनिट चालणं, असं वीस मिनिटं. मग नेहमीच्या निम्मं अंतर, पण बोलता बोलता पूर्ण वाक्य सहज संपवता येईल अशा वेगाने. चढ आणि वेगाचे सराव सगळ्यात शेवटी. जितके दिवस ताप होता, त्याच्या दुप्पट दिवस हलकं धावायचं हा माझा ठोकताळा आहे. पुढच्या पायरीवर थकवा रेंगाळला, झोप बिघडली किंवा सकाळची नाडी चढली, तर एक पायरी मागे यायचं.

या दिवसांत वेग बघून खचू नका. विश्रांतीच्या पहिल्या काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण कमी होतं, म्हणून त्याच वेगाला नाडी जास्त धावते. सराव सुरू झाला की हे बऱ्यापैकी लवकर भरून येतं.

अंग दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊन धावू नका. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करू शकतात, आणि ताप-जुलाबाने शरीरातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं.

छातीत दुखणं किंवा दडपण, धडधड, साध्या वेगालाही लागणारी धाप, यातलं काही जाणवलं तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा. चक्कर नेमकी कधी आली, हेही लक्षात ठेवा. धावून झाल्यावर एकदम उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ती टाळायला शेवटची पाच-दहा मिनिटं चालत राहायचं. पण धावता धावताच शुद्ध हरपली, तर कारण हृदयात असू शकतं हे धरूनच चालायचं. ईसीजी काढून डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत बुटांना हात लावायचा नाही.

पहिले दोन आठवडे एकट्याने धावू नका आणि तुमच्या आजारपणाची कल्पना सोबत्याला द्या. सोबती कोसळला, हाकेला ओ देत नसला आणि श्वास नीट चालत नसला, तर लगेच कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगा. तोवर छातीच्या मध्यभागी, निदान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहा. मदत हातात घेणारं कुणी येईपर्यंत थांबू नका.